शिवारातील पडक्या विहिरी

चैत्र लागतो, नळाला दिवसाआड येणारे पाणी चार-चार दिवसांवर जाते, विंधनविहिरी एकामागून एक कोरड्या पडू लागतात आणि मग गावकऱ्यांना जुन्या विहिरींची आठवण होते. वर्षानुवर्षे ज्या विहिरीकडे कोणी फिरकले नाही, तिच्यातील गाळ काढावयाचे ठरते. दोर, घमेली, फावडी घेऊन चार माणसे काठावर जमतात आणि त्यांतील एकजण आत उतरतो. काही वेळा तो सुखरूप वर येतो. काही वेळा येत नाही. उरलेले अकरा महिने ती विहीर तशीच उघडी असते. तिच्या काठावर शेळ्या चरतात, मुले बोरे गोळा करतात आणि पावसाळ्यात गवत वाढले की तिचे तोंडही दिसेनासे होते.

महाराष्ट्राच्या भूभागापैकी सुमारे ऐंशी टक्के भाग काळ्या पाषाणाचा म्हणजे बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी सर्वत्र सारखे साठत नाही. वरच्या मुरमात, झिजलेल्या मऊ थरात आणि खडकाच्या फटींत ते मुरते व तेथूनच झऱ्यांच्या रूपाने विहिरीत उतरते. त्यामुळे येथे विहीर खोदावयाची ती रुंद तोंडाची, वरची माती आणि मुरूम ओलांडून थेट पाषाणापर्यंत जाणारी, अशीच परंपरा पडली. पहार, टिकाव आणि सुरुंग यांच्या साहाय्याने, मुख्यत्वे वडार समाजातील कसबी माणसांनी आणि शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कुटुंबांनी या विहिरी खोदल्या. एकेका विहिरीचे काम दोन-तीन उन्हाळे चाले. ज्याला पाणी लागले त्याची शेती बागायती झाली आणि ज्याला लागले नाही त्याच्या वाट्याला कर्ज आणि एक कोरडा खड्डा आला. असे कोरडे राहिलेले, अर्धवट सोडून दिलेले खड्डेही आज जुन्या विहिरींच्याच जमातीत मोडतात. किंबहुना त्यांचे बांधकाम कधी झालेच नसल्यामुळे ते अधिक धोक्याचे असतात.

मोट गेली, धाव राहिली

जुनी विहीर धोक्याची का, हे समजण्यासाठी ती कशी वापरली जात असे हे पाहावयास हवे. मोटेच्या विहिरीला चारही बाजूंनी कठडा नसे. मोट वर येऊन थारोळ्यात रिती व्हावयाची असे, त्यामुळे चाकाखालची ती बाजू मोकळीच ठेवावी लागे. बैल मोट ओढताना विहिरीपासून दूर, उताराने खाली जात. म्हणून धावेची जमीन विहिरीकडे उंच आणि मागे सखल अशी भरावाने तयार केलेली असे. मोट चालू होती तोपर्यंत त्या जागी सकाळ-संध्याकाळ माणसाचा वावर होता, धाव चोपलेली होती, चाक आणि त्याचे खांब दुरून दिसत होते. विहीर कोठे आहे हे कोणाला विचारावे लागत नसे.

मोटेची जागा आधी ऑईल इंजिनाने आणि मग विजेच्या पंपाने घेतली. चाक उतरविले गेले, खांब सरपणात गेले, थारोळ्याचे घडीव दगड कोणाच्या तरी पायरीला लागले. धाव मात्र राहिली. तिच्यावर गवत आणि घाणेरीची झुडपे वाढली. आज त्या चढावरून वर जाणाऱ्या माणसाला किंवा ट्रॅक्टर मागे घेणाऱ्या चालकाला पुढे विहीर आहे याची चाहूल अगदी कडेवर पोहोचेपर्यंत लागत नाही आणि नेमक्या त्याच बाजूला कठडा नसतो. बारा मीटर खोल कोरड्या विहिरीत पडलेला माणूस तळाशी आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास असतो, एवढ्यावरून या मोकळ्या बाजूचे गांभीर्य ध्यानी यावे.

रस्त्यालगतच्या विहिरींची गोष्ट निराळी नाही. कित्येक विहिरी आधीच्या आहेत व रस्ते नंतरचे. गाडीवाट रुंद होऊन डांबरी सडक झाली, तेव्हा कालपर्यंत शेताच्या मध्ये असलेली विहीर रस्त्याच्या कडेला आली. २८ जानेवारी २०२० रोजी नाशिक जिल्ह्यात मालेगाव-देवळा मार्गावर प्रवासी बस आणि रिक्षा यांची टक्कर होऊन दोन्ही वाहने लगतच्या विहिरीत कोसळली आणि पंचवीसहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला व सात स्त्रियांचा अंत झाला. या स्त्रिया हिंगोली जिल्ह्यातून रोजंदारीसाठी निघाल्या होत्या.

जुन्नर परिसरात उसाच्या शेतांत वावरणारे बिबटेही अशाच बिनकठड्याच्या विहिरींत पडतात. वनखात्याची माणसे येईपर्यंत त्याला टेकावयास आधार मिळावा म्हणून दोराला बांधून बाजले खाली सोडण्याची युक्ती तेथील लोकांना चांगली अवगत झाली आहे. माणसासाठी मात्र असे बाजले काठावर तयार असतेच असे नाही.

कडा ढासळते ती कशी

विहिरीचा खालचा पाषाणातील भाग शेकडो वर्षे टिकतो. दुखणे असते ते वरच्या आठ-दहा हातांत. तेथे माती आणि मुरूम असल्यामुळे दगडी बांधकामाचा आधार दिलेला असतो आणि हे बांधकाम खाली पाषाणाला ठेवलेल्या काठावर टेकलेले असते. हा काठ झिजला, त्याखालचा मऊ थर पाण्याने खाल्ला गेला, की वरचे सारे बांधकाम अधांतरी राहते. बाहेरून पाहणाऱ्याला ते भक्कमच दिसते.

काळ्या जमिनीचा स्वभाव या कामी विशेष घातक ठरतो. ही माती उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात ती फुगते. दरवर्षी होणारी ही हालचाल बांधकामाला मागून रेटीत राहते. त्यातच पिंपळ, वड किंवा उंबर यांचे एखादे रोप दगडाच्या सांध्यात रुजते. लहान असताना ते उपटण्यास कोणी उतरत नाही. मोठे झाल्यावर ते तोडले तर कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळी राहते आणि ठेवले तर मुळे दगड सुटे करतात. भिंतीच्या मागे मुरलेले पाणी बाहेर पडण्यास बांधकामात मोकळी छिद्रे ठेवण्याची जुन्या गवंड्यांची पद्धत होती. ती छिद्रे बुजली की पाण्याचा सारा दाब भिंतीवर येतो. विहीर भरलेली असताना आतले पाणी भिंतीला आधार देते. हल्लीच्या ताकदवान पंपाने तीच विहीर काही तासांत रिकामी केली, की आतला आधार नाहीसा होतो आणि मागचा दाब तसाच राहतो. विहीर उपसल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडा का कोसळली याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

मातीचा हा भार किती मोठा असतो, याची प्रचिती १ ऑगस्ट २०२३ रोजी इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडी येथे आली. शंभर फुटांहून अधिक खोल असलेल्या विहिरीचे काँक्रीटचे कडे घालण्याचे काम चालू असताना मातीसह कडे कोसळले आणि चार मजूर गाडले गेले. त्यांचे देह हाती येण्यास कित्येक दिवस लागले. ती विहीर जुनी नव्हती व बांधकामाचे साहित्यही आजचे होते. मग चुन्यात बांधलेल्या किंवा नुसत्याच रचलेल्या दगडांच्या भिंतीखाली गाळ काढणाऱ्यांनी किती सावध असावयास हवे हे निराळे सांगावयास नको.

कोकणात जांभ्या दगडातील विहिरी पुष्कळ ठिकाणी बांधकामाशिवायही सरळ उभ्या राहतात. परंतु जांभ्याच्या खाली चिकण मातीचा थर असतो, तो निसटू लागला की वरचा जांभा अखंड तुकड्याने खाली येतो. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात पाषाण फार खोल आहे. तेथील विहीर जवळजवळ संपूर्ण गाळाच्या मातीत असते आणि तिचे सर्व आयुष्य तिच्या बांधकामावर अवलंबून असते.

काठावर गर्दी करू नये, ही साधी गोष्ट अपघाताच्या वेळी नेमकी विसरली जाते. मध्य प्रदेशातील विदिशा जिल्ह्यात १५ जुलै २०२१ रोजी विहिरीत पडलेल्या मुलाला काढण्यासाठी जमाव जमला, त्या भाराने काठ खचला आणि बरेच लोक आत पडले. त्यांतील अकराजण दगावले. जुन्या विहिरीच्या तोंडापासून निदान तीन-चार मीटर अंतर राखून बघ्यांना थोपविण्याचे काम कोणीतरी एकाने हाती घ्यावे. मदतीसाठी ट्रॅक्टर किंवा यारी आणली तर तीही काठाला भिडवू नये.

विहिरीतील हवा

पडण्याचा धोका डोळ्यांना दिसतो. ज्या धोक्याने एका वेळी एकाच घरातील तीन-तीन, चार-चार माणसे जातात, तो दिसत नाही.

उघड्या विहिरीत हवा खेळती असते अशी समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. तळाशी पाला, शेण, मेलेली जनावरे व गाळ कुजत असतात. कुजण्याच्या या क्रियेत हवेतील प्राणवायू खर्च होतो आणि कर्बद्विप्राणिल वायू तयार होतो. हा वायू साध्या हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तळाशी साचतो. गाळ ढवळला की त्यात अडकलेले वायू, त्यांत सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाईडही, एकदम मोकळे होतात. याचाच अर्थ असा की, उतरताना बरी असलेली हवा फावडे लावल्यानंतर घातक होऊ शकते.

ऋतूचाही यात हात असतो. हिवाळ्याच्या रात्री बाहेरची थंड, जड हवा विहिरीत उतरते आणि आतली हवा बदलते. उन्हाळ्यात उलट होते. बाहेरची हवा तापून हलकी झालेली, आतली थंड आणि जड. त्यामुळे ती जागची हलत नाही. नेमके याच दिवसांत, चैत्र-वैशाखात, गाळ काढण्याची कामे निघतात. पाऊस येण्यापूर्वी हवेचा दाब उतरतो, तेव्हा जमिनीच्या फटींत कोंडलेली प्राणवायूविरहित हवाही विहिरीत ओढली जाते. काल ज्या विहिरीत माणूस उतरून आला, तिच्यात आज उतरणे सुरक्षित असेलच असे नाही ते याच कारणाने.

स्वच्छ हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो १६ टक्क्यांच्या खाली गेला की माणसाचा विचार आणि हालचाल मंदावते. १० टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. ६ टक्क्यांच्या खाली काही मिनिटांत मृत्यू येतो. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या हवेत तर एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. त्याला वर ओरडण्याचीही सवड मिळत नाही. काठावरच्यांना वाटते, तो घसरला, त्याला चक्कर आली, साप चावला आणि त्याला उचलण्यासाठी दुसरा उतरतो.

९ एप्रिल २०२४ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी येथे एका जुन्या, शेणाचा काला साठविण्यासाठी वापरात असलेल्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढावयास एकजण उतरला तो वर आला नाही. त्याला काढावयास दुसरा, मग तिसरा, असे करीत सहाजण आत गेले. पाच मृत्यू पावले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, म्हणून त्याला वर ओढता आले. मध्य प्रदेशातील खंडवा जिल्ह्यात कोंडावत येथे ३ एप्रिल २०२५ रोजी गणगौरीच्या विसर्जनासाठी विहीर साफ करताना याच रीतीने आठजण गेले. कल्याण येथे १ नोव्हेंबर २०१८ रोजी सांडपाणी मिसळलेल्या विहिरीत तीन माणसे व त्यांना काढावयास उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवान, असे पाचजण दगावले. ज्यांचे कामच बचावाचे, त्यांच्यावरही हा प्रसंग आला.

या सर्व घटनांत पहिला माणूस अज्ञानामुळे गेला असे म्हणता येईल. दुसरा, तिसरा आणि चौथा मात्र मायेपोटी गेले. बाप, भाऊ, मुलगा डोळ्यांसमोर निपचित पडलेला असताना काठावर उभे राहावयास सांगणे ही कठोर गोष्ट आहे. तथापि वरचा माणूस शुद्धीवर आणि धडधाकट राहिला तरच आतल्याला बाहेर काढता येण्याची काही आशा उरते, हे कामाला सुरुवात करण्यापूर्वीच घरात बोलून ठरवून ठेवलेले बरे.

इंजिनाचा धूर हा आणखी एक प्रकार. वर ठेवलेला साधा पंप सहा-सात मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी खेचू शकत नाही. म्हणून पाणी खाली गेले की इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरविण्याची रीत पडली. या धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नाही, वास नाही. प्राणवायू पुरेसा असतानाही तो रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट करतो. चालू किंवा नुकतेच बंद केलेले इंजिन विहिरीत असताना कोणीही उतरू नये. सुरुंग उडविल्यानंतरचा धूरही तितकाच वाईट.

उतरण्यापूर्वी

जुन्या लोकांची परीक्षा कंदिलाची असे. पेटता कंदील दोराला बांधून तळापर्यंत सोडावयाचा. विझला तर उतरावयाचे नाही. ही परीक्षा खोटी नव्हे, परंतु अपुरी आहे. ज्योत विझली तर आत जाणे म्हणजे मरण, एवढे निश्चित समजावे. ज्योत तेवत राहिली, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. हायड्रोजन सल्फाईड व कार्बन मोनॉक्साईड यांचे अगदी थोडे प्रमाणही जीव घेते व तेवढ्याने ज्योतीवर परिणाम होत नाही. शिवाय ज्या विहिरीत शेणकाला, सांडपाणी किंवा कुजका गाळ आहे तेथे ज्वालाग्राही मिथेन वायू असतो. त्यात पेटता कंदील सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय. वासावरही विसंबता येत नाही. हायड्रोजन सल्फाईडचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदना बधिर होते आणि वास गेला, म्हणजे वायू गेला, असा भास होतो. हवेतील प्राणवायू आणि घातक वायू मोजणारे हातात मावेल एवढे उपकरण आता मिळते. गाळ काढण्याचा ठेका घेणाऱ्याने ते बाळगावे असा आग्रह ग्रामपंचायतीने धरल्यास तो अवाजवी ठरणार नाही.

हवा बदलणे हा खरा उपाय आहे. लिंबाच्या किंवा करंजाच्या डहाळ्यांचा मोठा भारा दोराने वर-खाली करून हवा ढवळणे, वरून बादल्यांनी पाणी फवारणे, हे जुने उपाय थोडाफार उपयोग देतात. त्यापेक्षा पंख्याची किंवा सुरुंगाची भोके घेणाऱ्या कंप्रेसरची नळी तळापर्यंत सोडून काही वेळ ताजी हवा भरीत राहणे अधिक परिणामकारक होय. मात्र त्या यंत्राचा धूर विहिरीकडे येणार नाही असे ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला, दूर ठेवावे आणि ताजी हवा ओढणारे तोंड धुरापासून वेगळे असावे. काम चालू असेपर्यंत हवेचा पुरवठा बंद करू नये. विजेचा पंप असल्यास त्याचा मुख्य खटका पाडून फ्यूज काढून घ्यावेत, कारण ओल्या विहिरीत सालपट गेलेली केबल हीही एक सापच आहे. सापांविषयी बोलावयाचे तर बांधकामाच्या पोकळ्यांत ते असतातच.

उतरणाऱ्याच्या छातीला आणि खांद्यांना पट्ट्याचा, तो नसेल तर निदान काखेखालून नीट बांधलेला दोर हवा आणि त्या दोराचे दुसरे टोक भक्कम झाडाला किंवा यारीला अडकवून वर तीन माणसे हवीत. त्यांनी खालच्याशी सतत बोलत राहावे. उत्तर आले नाही तर विचारपूस न करता ओढावे. एका वेळी एकच माणूस आत. वाकडीची घटना वाचताना डोळ्यांपुढे राहतो तो हाच एक दोर.

आणि तरीही कोणी आत पडलाच, तर पाणी असलेल्या विहिरीत ट्रॅक्टरची हवा भरलेली नळी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा दोराने बांधून टाकावा. वायूचा संशय असल्यास आत न उतरता हवा भरावयास सुरुवात करावी आणि ११२ व १०८ या क्रमांकांवर त्वरित कळवावे. अग्निशमन केंद्र बहुधा तालुक्याच्या गावी असते. तेथून मदत येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास हाच खरा कसोटीचा काळ असतो.

झाकलेली विहीर

अडचणीची विहीर झाकून टाकावी, असा विचार सहज सुचतो. फळ्या, पत्रे, सागवानी वासे टाकून वर माती पसरली की अंगण सलग दिसते. काही वर्षांनी लाकूड कुजते, लोखंड गंजते, घर दुसऱ्याला विकले जाते आणि खाली विहीर आहे हे सांगणारे माणूस उरत नाही. उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात १६ फेब्रुवारी २०२२ रोजी हळदीच्या कार्यक्रमासाठी जमलेल्या स्त्रिया व मुली अशाच झाकलेल्या विहिरीवर बसल्या होत्या. झाकण तुटले आणि तेराजणी बुडाल्या. इंदूर येथे ३० मार्च २०२३ रोजी रामनवमीला मंदिरातील जुन्या बारवेवरची फरशी कोसळून ३६ भाविकांचा मृत्यू झाला. या दृष्टीने पाहता उघडी विहीर बरी, ती निदान दिसते. झाकावयाचीच असेल तर लोखंडी जाळी बसवावी. तिच्यातून हवा जाते, आत काय आहे ते दिसते आणि गंज चढला तर तोही दिसतो.

पिण्याचे पाणी

जुन्या विहिरीचे पाणी टंचाईच्या काळात पुन्हा पिण्यास वापरावयाचे असेल तर आणखी थोडी काळजी लागते. पायऱ्यांच्या विहिरींनी एके काळी महाराष्ट्राला नारूचा रोग दिला होता. पाय पाण्यात बुडवून घागर भरणाऱ्या रोग्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात जात व ते पाणी पिणाऱ्यांना वर्षभराने रोग होई. पायऱ्या बंद करून रहाट बसविणे, पाणी गाळून घेणे यांसारख्या उपायांनी तो हटला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पटकी, कावीळ आणि विषमज्वर मात्र गेलेले नाहीत. विहिरीला पाऊण मीटर उंचीचा कठडा, भोवती निदान एक मीटर रुंदीचा उताराचा ओटा, सांडपाणी दूर नेणारी मोरी आणि शौचालय, उकिरडा व गोठा यांपासून पंधरा मीटर तरी अंतर असावे.

शुद्धीकरणासाठी एक हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावात जिला टी.सी.एल. म्हणतात ती, पुरते. विहीर चार मीटर व्यासाची आणि पाणी तीन मीटर खोल असेल, तर आत सुमारे ३७,७०० लिटर पाणी असते व त्यास ९५ ग्रॅमच्या आसपास पावडर लागते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावे आणि ती बादली विहिरीत बुडवून वर-खाली करावी. तासाभरानंतर पाणी वापरण्यास हरकत नाही. रसायनांचे डबे धुतलेल्या किंवा खते-औषधे पडलेल्या विहिरीला मात्र हा उपाय लागू नाही. त्या पाण्याची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्यावी.

मालक कोण?

पडकी विहीर दुरुस्त होत नाही, याचे एक कारण पैसा, पण ते एकमेव नव्हे. सातबाऱ्यावर विहीर सामाईक असते. आजोबांनी खोदलेल्या विहिरीत तीन मुलांचे तीन हिस्से, त्यांच्या मुलांचे नऊ. पाणी होते तोवर पाळीपाळीने ते वाटले जाई आणि एक पाळी चुकली तर भाऊबंदकी उभी राही. प्रत्येकाने आपापल्या बांधात विंधनविहीर घेतल्यानंतर हिस्सा सर्वांचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी अवस्था आली. कठड्याला लागणाऱ्या दगड-सिमेंटाचा खर्च नऊजणांत वाटला तर फार होत नाही, पण नऊजणांना एकत्र बसवणे हेच अवघड असते.

कायद्याने हा प्रश्न मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. रस्त्याला किंवा सार्वजनिक जागेला लागून असलेली विहीर, तळे किंवा खड्डा यांपासून लोकांना धोका होऊ नये म्हणून तेथे कुंपण घालण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये ती कायम आहे. म्हणजे शाळेच्या वाटेवरील बिनकठड्याच्या विहिरीविषयी ग्रामस्थांना तहसीलदारांकडे लेखी अर्ज करता येतो. सोडून दिलेल्या विंधनविहिरींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. तोंडावर पोलादी झाकण बसविणे, भोवती काटेरी तारेचे कुंपण, सूचनाफलक आणि निकामी विंधनविहीर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत भरून काढणे यांचा त्यांत समावेश आहे. दुरुस्तीसाठी शासनाच्या योजनांचाही आधार आहे. अनुसूचित जातींतील शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत आणि अनुसूचित जमातींतील शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेत जुन्या विहिरीची दुरुस्ती ही स्वतंत्र बाब ठेवण्यात आलेली असून अर्जासंबंधीची माहिती पंचायत समितीच्या कृषी विभागात मिळते.

बुजवावी की राखावी

प्रत्येक पडकी विहीर बुजविली पाहिजे असे नाही. ज्या विहिरीचा खडकातील भाग शाबूत आहे आणि पावसाळ्यात जिला पाझर येतो, ती दुरुस्त करून राखणेच शहाणपणाचे. शेतातून वाहणारे पावसाचे पाणी आधी गाळ बसण्याच्या खड्ड्यात व मग मोठे दगड, खडी आणि वाळू यांच्या थरांतून गाळून अशा विहिरीत सोडले, तर ती भूजल पुनर्भरणाच्या कामी येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील भूजलाची पातळी मोजते तीही निवडलेल्या निरीक्षण विहिरींतूनच. मोटेच्या बाजूचा कठडा पुरा करणे, सांध्यांतील रोपे वेळीच काढणे, बुजलेली छिद्रे मोकळी करणे आणि धावेवरचे गवत दरवर्षी कापणे एवढ्यानेही पुष्कळ काम भागते.

जी विहीर खरोखर निकामी झाली आहे, तिला गावाचा उकिरडा करून बुजविण्याची प्रवृत्ती मात्र सर्वथा त्याज्य होय. तेथे टाकलेला कचरा, मेलेले जनावर, औषधांच्या बाटल्या यांचा निचरा थेट भूजलात होतो आणि तेच पाणी शेजारच्या विंधनविहिरीतून वर येते. शिवाय कचऱ्याचा भराव वर्षानुवर्षे कुजत, खचत राहतो. बुजवावयाची असल्यास आतले पाईप, लाकूड, गाळ काढून घ्यावा. पाण्याच्या पातळीपर्यंत स्वच्छ दगड आणि खडी, त्यावर मुरूम आणि शेवटच्या मीटरभरात चोपलेली चिकण माती असा भराव करावा, म्हणजे वरचे घाण पाणी आत झिरपत नाही. वरच्या बांधकामाचा दोन-तीन हात भाग आधी उतरवून घ्यावा, नाहीतर भराव खचल्यावर त्याच्या कडेने पोकळी राहते. भराव जमिनीपेक्षा हातभर उंच ठेवावा, कारण पहिले दोन पावसाळे तो दबत जातो आणि दरवेळी मातीची भर घालावी लागते. त्या जागेवर घर किंवा गोठा बांधू नये. जागेची खूण म्हणून एक दगड पुरून ठेवावा आणि शेत विकताना तो घेणाऱ्याला दाखवावा.